पाहणाऱ्याचं देणं

बंगळुरू सुरक्षित करण्यासाठी ‘सेफ सिटी’ प्रकल्पात जे काही उभं राहिलं, ती मुख्यतः पाहण्याची व्यवस्था आहे. निर्भया निधीतला केंद्राचा पैसा, राज्याची भर, सुमारे ६६७ कोटींचा आराखडा. त्यातून ७,०००हून अधिक कॅमेरे बसले, त्यांच्यावर नजर ठेवणारं नियंत्रण केंद्र झालं, आणि संकटात बटण दाबलं की पोलिसांशी बोलता येईल असे काही खांब उभे राहिले. जोडीला राज्याचा २०१७चा कायदा आहेच. जिथे एका वेळी शंभर किंवा दिवसाकाठी पाचशे माणसं जमतात, तिथे मालकाने कॅमेरे लावायचे आणि तीस दिवसांचं चित्रण जपायचं. मी राहते त्या जयनगरात आता घरांच्या फाटकांवरही कॅमेरे दिसतात. एक तर थेट तुळशीकडे तोंड करून आहे.

याला हरकत घेणं मला सोपं जात नाही. रात्री मेट्रोतून उतरून झाडांखालच्या अंधाऱ्या रस्त्याने चालत येताना मलाही खांबावरचा दिवा आणि कॅमेरा हवासाच वाटतो. तेव्हा कॅमेरा असावा की नसावा, हा माझा प्रश्न नाही. जो पाहतो तो, ज्याला पाहतो त्याचं काही देणं लागतो की नाही, असा माझा प्रश्न आहे.

आपल्या गावगाड्यात याचं एक रोखठोक उत्तर होतं. राखणीचं काम जागल्याकडे, बऱ्याच ठिकाणी रामोशाकडे असे. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावच्या गळ्यात. आणि मागच लागला नाही, तर गेलेल्या मालाच्या भरपाईचा बोजा राखणदारावर आणि गावावर. रात्री डोळा लागला तर त्याची किंमत मोजावी लागे. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. गावगाडा कुणाच्या पाठीवर चालत होता हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय याच रामोशांवर पुढे इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. १८७१ साली आलेला तो कायदा १९५२मध्ये देशभर रद्द झाला, पण ‘विमुक्त’ या शब्दातून तो अजून डोकावतो. राखणदाराला संशयित करायला फक्त वही लिहिणारा बदलावा लागला.

आणि घाशीराम कोतवाल? तेंडुलकरांच्या नाटकामुळे तो आपल्याला फार ओळखीचा झाला आहे, म्हणून नाटक क्षणभर बाजूला ठेवू. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला कोतवालाची माणसं धरत. १७९१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवलं आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले. मग खवळलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी मारलं. आपण ही त्याच्या क्रौर्याची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यातली दुसरी बाब बोचते. कोंडलेले लोक परगावचे होते. कोतवाली रोज रात्री चालत होती, शहर निवांत झोपत होतं, आणि त्याला जाग आली ती प्रेतं पडल्यावर.

इथे बंगळुरूत परगावची मी आहे. तरी फाटकावर मला कुणी अडवत नाही, कारण माझे कपडे आणि माझं इंग्रजी माझी ओळख पटवून देतात. अडवलं जातं ते पार्सल घेऊन आलेल्या पोराला. सोसायटीच्या अ‍ॅपवर घरकामाच्या ताईंची येण्याजाण्याची वेळ मिनिटागणिक नोंदली जाते. आमची कुणाचीच नाही. त्यांना ती नोंद पाहता येत नाही. कॅमेरा बंद पडला होता तर जाब कुणाला विचारायचा, चित्रण कोणी आणि कशासाठी पाहिलं, हे ना त्यांना कळतं ना मला.

आमच्या गल्लीत मध्यरात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी पहारेकरी आहे. महिन्याच्या सुरुवातीला तो दारावर पैसे मागायला येतो, आणि कुणीतरी त्याला हमखास ऐकवतं, “भैया, परसों सीटी सुनाई नहीं दी.” बिचारा खजील होऊन हसतो. ७,००० कॅमेऱ्यांपैकी एकाला तरी असं बोलता येतं का?

म्हणून कर्नाटक पोलिसांनी २०२५मध्ये सुरू केलेली ‘मने-मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, ही योजना मला कॅमेऱ्यांपेक्षा बरी वाटते. येणाऱ्या माणसाला तोंड असतं. त्याला उलट विचारता येतं. धास्तीही आहे: तीच भेट भाडेकरूंची आणि नोकरमाणसांची चौकशी होऊन बसायला वेळ लागत नाही, आणि दार उघडणारा सहसा घरमालकच असतो. आमच्या दारी हवालदार आले तर मी ताईंनाही बाहेर बोलावणार आहे. रात्री आठच्या बसस्टॉपबद्दल त्यांना बरंच सांगायचं आहे.