आकडे मांडणाऱ्याची नीती

जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला प्रभू येशूने हाक मारली आणि तो सर्व काही सोडून त्याच्यामागे गेला, ही कथा आपण सारेच जाणतो. संत लूकने नोंदविलेला दुसरा प्रसंग मात्र तितकासा आठवत नाही. बाप्तिस्मा घेण्यास आलेल्या जकातदारांनी आपण काय करावे, असे योहानाला विचारले. योहानाने त्यांना नाका सोडण्यास सांगितले नाही. नेमून दिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये, एवढेच बजावले. मत्तयाला नाका सोडावा लागला, इतरांना नाक्यावरच राहून सचोटीने वागावयाचे होते. आपल्या घरांतील जी मुले-मुली शासकीय सेवेत जातात, त्यांच्या वाट्याला बहुधा हा दुसरा मार्ग येतो. तो सोपा आहे, असे कोणी समजू नये.

या सेवेची एक शाखा फारशी प्रकाशात येत नाही. केंद्राच्या वाणिज्य खात्यात मालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटींसाठी तक्ते तयार करणारे विश्लेषक असतात. जिनिव्हाला टेबलाशी बसतात ते मंत्री आणि राजदूत. त्यांच्या हातातला कागद मात्र या मंडळींनी तयार केलेला असतो. कोणत्या मालावर जकात किती, ती उतरवली तर आयात किती वाढेल, याचा हिशेब संकेतांकांच्या रांगांत मांडलेला असतो. तांदळाची रांग 1006 या आकड्याने सुरू होते.

या कागदांचा आणि उंबरमाळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. खर्डी आणि कसारा यांच्या मधले हे शहापूर तालुक्यातील गाव. पावसाच्या पाण्यावर पिकणारे भात हे इकडचे मुख्य पीक. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने जे भात खरेदी होते, त्याच्या पोत्यांचे वजन देशाच्या एकूण खरेदीत मिळते, आणि ती बेरीज जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवावी लागते. 1994 साली माराकेश येथे झालेल्या शेतीविषयक करारानुसार हमीभावाची तुलना चालू बाजारभावाशी होत नाही; ती 1986 ते 1988 या वर्षांच्या गोठविलेल्या किमतीशी होते. जो फरक निघेल तो साहाय्य समजावयाचा, आणि ते साहाय्य पिकाच्या एकूण मूल्याच्या 10 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. साध्या भाताचा हमीभाव 1986–87 साली क्विंटलला 146 रुपये होता, 2024–25 साली 2300 रुपये. मधल्या काळात खत, मजुरी, औषधपाणी यांचे काय झाले, हे त्या सूत्राला दिसत नाही.

आता खरा नैतिक प्रश्न येतो. भारताने आपला हिशेब डॉलरमध्ये मांडला आणि सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेलेच धान्य त्यात धरले. साहाय्य मर्यादेच्या आत बसले. 2018 साली अमेरिकेने तोच हिशेब रुपयांत आणि संपूर्ण उत्पादन धरून मांडला; तांदळाचे साहाय्य 70 टक्क्यांच्याही वर गेले. भात एकच, उत्तरे दोन, आणि बेरीज-गुणाकारात चूक कोणाचीच नाही. मग आपल्या देशाला सोयीची रीत निवडणारा विश्लेषक खोटे बोलतो काय?

आमच्या मते नाही. रीत उघड सांगितली असेल आणि ती कराराच्या शब्दांत बसत असेल, तर ती वकिली आहे, लबाडी नव्हे. लबाडीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते. वरिष्ठांना नको असलेला आकडा त्यांच्यापासूनच दडविला जातो, तेथे ती सुरू होते. 2018–19 च्या हंगामात भारताचे स्वतःच्याच रीतीने केलेले गणित तांदळाच्या बाबतीत 10 टक्क्यांपलीकडे गेले. तसे कळविण्यात आले आणि 2013 साली बाली येथे मिळविलेल्या ‘शांतता कलमा’चा आधार घेण्यात आला. ही नोंद ज्यांनी तयार केली त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्या गैरसोयीच्या ओळीचा आम्हांला आदर वाटतो.

परंतु सचोटी एवढ्यावर संपते काय? पोप सहावे पॉल यांनी 1967 सालच्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ’ या परिपत्रकात, पोप तेरावे लिओ यांनी मजुरीविषयी मांडलेले तत्त्व राष्ट्रांना लावले: दोन पक्षांची ताकद फार विषम असेल, तर उभयतांची संमती असूनही करार न्याय्य ठरतोच असे नाही. जिनिव्हात भारत हे तत्त्व दुबळ्याच्या बाजूने मांडतो, आणि योग्यच मांडतो. मात्र तांदळाच्या बाजारात भारत दुबळा नाही. जगातील तांदूळ-निर्यातीचा सुमारे 40 टक्के वाटा आपला. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक भाव सुमारे पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचले. काही देशांना त्यांच्या विनंतीवरून तांदूळ दिला गेला, हे खरे. बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली, हेही खरे. तरी मधले वर्षभर आफ्रिकेतील एखाद्या बंदरगावी चढ्या भावाने तांदूळ घेणारी आई आपली शेजारीण होती की नव्हती? तिच्यासाठी दिल्लीच्या तक्त्यात रकाना नसतो. तो असावा, असा आग्रह कार्यालयातल्या एकाने तरी धरावा; निर्णय मंत्र्यांनीच घ्यावा, पण तो रकाना पाहून घ्यावा.

आणि उंबरमाळीसाठी तरी रकाना आहे काय? तेथील नाचणी-वरई घरातच खाल्ली जाते. बंदरावर न गेलेल्या धान्याची नोंद व्यापाराच्या आकड्यांत होत नाही. भाताचे कोडे तर याहून अवघड आहे. तक्त्यात ‘उत्पादक’ आणि ‘ग्राहक’ असे दोन रकाने असतात, आणि भाव चढला की एकाचा लाभ, दुसऱ्याची हानी, असे गणित चालते. डोंगरउतारावरील लहान शेतकरी मात्र दिवाळीनंतर गरजेपोटी भात विकतो, आणि ऐन आषाढात, लावणीच्या चिखलात, रेशनचे पुरले नाही म्हणजे दुकानातून तांदूळ विकत घेतो.