जागल

साठीनंतर झोप पहाटेपर्यंत पुरत नाही. हिंगण्याच्या बाजारात माझ्या वयाचा जो भेटतो तो हेच रडगाणं गातो, आणि त्यावर कोणी गरम दूध सुचवतं, कोणी गोळी. आमचं शेत बटईने करणाऱ्या पोराने मात्र निराळाच इलाज काढला. "घरी तरी कोठी झोपता काका? जागलीले चाला नं."

तूर फुलावर होती, हरभरा वीतभर आला होता, आणि अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगायी, आणि चितळ दोन्ही शेतात उतरत होते. गेलो. बांधावर चार बल्ल्यांचं मचाण, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी, तेलाचा रिकामा डबा आणि तो बडवायला काठी. वर चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण पाय पोटाशी घेऊन बसलो तेव्हा कळलं, ही बैठक शरीराला पाठ आहे.

लहानपणी मामाच्या मागे मी चितळाच्या शिकारीला जात असे. मामाकडे ठासणीची बंदूक होती आणि परवाना होता शेतीरक्षणाचा. त्या काळी खेड्यांतल्या पुष्कळ बंदुका याच नावाने घरात आल्या. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. राखणीसाठी आलेली मामाची बंदूक शेतात मी क्वचितच पाहिली. ती असायची नाल्याकाठी, पाणवठ्यावर, मोहाच्या झाडाखाली. माझं काम पाण्याची बाटली सांभाळायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं काम फार अवघड होतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि एका रात्रीत शिकार थांबली, असं आता सगळे सांगतात. तसं झालं नव्हतं. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती आणि चितळाची गणना तिसऱ्या अनुसूचीत, 'मोठ्या शिकारी'त होती. परवान्यांचं ते सगळं प्रकरण पुसलं गेलं १९९१ च्या दुरुस्तीने. तोवर जीप आणि सर्चलाइट घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींनी जंगलं बरीचशी रिकामी केली होती, हा भाग वेगळा. मामाने बंदूक आधीच खाली ठेवली होती. कारण तत्त्वाचं नव्हतं, मोतीबिंदूचं होतं.

व्यंकटेश माडगूळकरांनीही तरुणपणी शिकार केली. पन्नाशी ओलांडल्यावर ते बंदुकीशिवाय नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यातून 'नागझिरा' हे पुस्तक झालं. तसं जाऊन राहणं मलाही आवडलं असतं. पण माझ्यावर जायची वेळच आली नाही, जंगलच बांधापर्यंत आलं. एका अंगाला वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत पसरलेलं बोरचं जंगल, १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, वाढत चाललेले लेआउट आणि शिवमडक्यापासून सुटणारा समृद्धी महामार्ग. मध्ये उरली आमची तूर. आता चितळाने जावं तरी कुठे?

मचाणावर बसल्या बसल्या जुनी विद्या आठवायला लागली, आणि ती आता एकूण एक उलटी वापरायची होती. मामा आधी चिमूटभर माती उडवून वारा बघायचा. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा, म्हणजे माणसाचा वास त्याला लागत नाही. जागल्याला नेमकं उलटं हवं असतं. माझा वास, शेकोटीचा धूर, बिडीचा धूर, सगळं वाऱ्याबरोबर नाल्याकडे जावं, म्हणून मी पोराला मचाण दुसऱ्या बांधावर हलवायला लावलं. त्याला वाटलं, काकांना थंडी वाजते.

मामाच्या मचाणावर खोकला म्हणजे गुन्हा होता. एकदा माझ्या शिंकेने एक शिंगाळा नर निसटला, तर मामा घरी येईपर्यंत बोलला नव्हता. इथे मी मोकळेपणी खोकतो. जुन्या आठवणी मोठ्याने पुटपुटतो, मध्येच घसा साफ करतो, गाणंही म्हणतो. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, तर खाली उतरून कधी या धुऱ्यावर, कधी त्या धुऱ्यावर जाऊन येतो, आणि तेवढ्यात गस्तही होते. डॉक्टरांच्या फाइलमध्ये माझी जी जी दुखणी लिहिली आहेत ती सगळी जागलीत गुण म्हणून खपतात. तरुण पोर रात्री बाराला डबा बडवता बडवता घोरायला लागतं. त्यात त्याची चूक नाही, दिवसभर तो राबलेला असतो. चांगला जागल्या म्हाताराच.

पण हे सगळं गमतीचं आहे असं भासवणं खोटं होईल. पहिल्यांदा बॅटरीच्या झोतात डोळ्यांच्या जोड्या चमकल्या तेव्हा मी डबा वाजवला नाही. उजव्या हाताचं बोट आपोआप वळलं. सगळ्यांत मागे नर होता, आणि मी मनातल्या मनात अंतर मोजत होतो. इतकी वर्षं गेली तरी ते गेलेलं नाही. तोवर कळपाने हरभऱ्याची दोन तासं शेंड्यांपासून खुडली. पोर जागं होऊन ओरडलं, "काका, पाह्यता काय!" खरंच पाहत होतो. शिकाऱ्याला जनावर यावं असं वाटतं, जागल्याला येऊ नये असं, आणि मला त्या क्षणी दोन्ही वाटत होतं. हे त्या पोराला कसं सांगणार? त्याच्या अर्ध्या वाट्यातून ते चरत होते.

बंदुकीचा विषय निघतोच. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकं उद्ध्वस्त करणारे रोही आणि रानडुकरं मारण्याची परवानगी मिळवणं सोपं केलं. चितळ त्यात नाही. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकाम्याला बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा देशभर गदारोळ झाला. मला त्या गदारोळातलं एक खटकलं: ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी एक रात्र तरी जागल केली होती? आणि तरीही हाती बंदूक दिली तर मी घेईन असं वाटत नाही. दया वगैरे म्हणाल तर ती थोडीच. पण शेतात पाडलेल्या जनावरात मामाला जो आनंद मिळायचा तो नसणार, आणि उरेल तो नुसता हिशेब.

लोक आपापले उपाय करतात. धुऱ्याभोवती जुन्या रंगीत साड्या बांधतात. ज्यांना जमतं ते सौर कुंपणाची झटका मशीन लावतात, जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही आहे. कोणी अविचाराने तारेत थेट वीज सोडतो आणि मग तिथे वाघ मरतो, नाहीतर शेजारचा माणूस. साड्यांना चितळ आठ दिवस बिचकतात, नवव्या दिवशी त्यांच्याखालून आत येतात.

आमच्या डब्याने कळप उठतो खरा, पण जातो कुठे? पलीकडच्या पाटलांच्या गव्हात. थोड्या वेळाने त्यांचा फटाका वाजतो आणि कळप त्यांच्याही पलीकडे, संत्र्याच्या बगिच्यात. तिथून आरोळी उठते. अशी हाकाटी शिवारभर फिरत पहाटेला पुन्हा आमच्या तुरीत येते. मामाच्या वेळी हाका म्हणजे अर्धं गाव एका ओळीत ओरडत निघायचं, आणि दुसऱ्या टोकाला मचाणावर बंदूक वाट बघत असायची. आता सगळेच हाकेवाले झालो आहोत आणि दुसऱ्या टोकाला कोणी नाही.

परवा पाटलांनी बांधावरून विचारलं, "भाऊ, तुमचा डबा जरा उशिरा वाजवता येईल काय? आमचा गहू आत्ताच उगवला." मी म्हटलं, वाजवू. मग बटईच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, आपल्या हरभऱ्याचं काय मग? त्यावर अजून बोलणं चालू आहे.