कबुली कोणाची?

८ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये एका खासगी शाळेत सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरून खून झाला. त्याच दिवशी पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडले. लवकरच तो दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे उभा होता आणि आपल्या हातून चूक झाली असे सांगत होता. साऱ्या देशाने ते ऐकले आणि साऱ्या देशाने विश्वास ठेवला. मुलाचे आईवडील मात्र पोलिसांच्या हकिकतीवर समाधानी नव्हते, आणि त्यांच्या आग्रहामुळे तपास सीबीआयकडे गेला. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने कंडक्टरला आरोपातून मुक्त केले. आपल्याला मारहाण झाली होती, काय बोलायचे ते पढवले होते, असे त्याने बाहेर आल्यावर सांगितले. पुढे २०२१ मध्ये सीबीआयने हरियाणा पोलिसांच्या चार अधिकाऱ्यांवरच आरोपपत्र ठेवले.

या प्रकरणात मला खटकते ती पोलिसांची मारहाण एवढीच गोष्ट नाही. ती आपल्याला ठाऊक असते. पट्टा, टायर, रिमांड, थर्ड डिग्री हे शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की सिनेमात पाहून आपण टाळ्याही वाजवतो. मला खटकतो तो आपला विश्वास. हा कंडक्टर आदल्या दिवशी कुठल्या कचेरीत जाऊन काही सांगू लागला असता, तर त्याचे म्हणणे कोणी खरे मानले असते? पगार कापला म्हणाला असता, तर पुरावा आण म्हटले असते. गरीब माणसाच्या शब्दाला आपल्याकडे किंमत नसते. "मी केले नाही" हे तो शंभर वेळा सांगतो, ते खोटे. "मी केले" हे एकदाच सांगतो, ते मात्र खरे. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर कोणी उसने पाच रुपये दिले नाहीत, त्याच्या शब्दावर त्याला फाशी द्यायला समाज तयार होतो. असे का व्हावे, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न कायद्याला पडला नव्हता असे नाही. १८५५ साली मद्रास इलाख्यात छळवणुकीची चौकशी करणाऱ्या आयोगाने अहवाल दिला. सारा वसूल करण्यासाठी रयतेला उन्हात उभे करणे, अंग वाकवून बांधून ठेवणे, आणि गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठीही असेच प्रकार, हे सारे त्यात नोंदले आहे. कंपनी सरकारच्या पदराखाली हे चालत होते. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये एक साधा नियम आला : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. कोठडीत असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटसमोर असेल तरच चालेल. परक्या राज्यकर्त्यांनी आपल्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास होता. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हा नियम कायम आहे.

मग बिघडले कुठे? स्वतंत्र भारताने स्वतःच त्याला खिडक्या पाडल्या. टाडाने पोलीस अधीक्षकापुढची कबुली पुरावा म्हणून मान्य केली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती तरतूद उचलून धरली, दोन न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत नोंदवले. टाडा १९९५ मध्ये संपला, २००२ मध्ये पोटा आला, तोही २००४ मध्ये गेला. महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का मात्र आहे, आणि त्याच्या कलम १८ नुसार अशी कबुली देणाऱ्याविरुद्धच नव्हे, तर त्याच्याबरोबर खटला चालणाऱ्या सहआरोपींविरुद्धही वापरता येते. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण खरा नैतिक पेच तिथे आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला काय उत्तर आहे ते पाहू. सुनन अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे, ती आपल्या भिवंडी-मालेगावच्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. काही लोकांचा माल चोरीला गेला. त्यांनी संशय घेतला तो विणकरांवर. विणकरांना पकडून हजरत नुमान बिन बशीर (र.) यांच्यापुढे आणले. नुमान यांनी त्यांना काही दिवस अटकेत ठेवले आणि सोडून दिले. फिर्यादी रागावून आले : मारहाण नाही, कसून तपास नाही, असेच कसे सोडले? नुमान यांनी सांगितले की तुमची इच्छा असेल तर मारतो. माल सापडला तर ठीक, नाही सापडला तर त्यांच्या पाठीवर जितके फटके दिले तितके तुमच्या पाठीवर देईन. हा तुमचा हुकूम का, असे त्यांनी विचारले, तेव्हा हा अल्लाह आणि त्याच्या रसूलचा (स.) हुकूम आहे असे उत्तर मिळाले.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, संशय व्यापाऱ्यावर नाही, सरदारावर नाही, मागावर बसणाऱ्यावर गेला. तेराशे वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. दुसरी, नुमान यांनी मारहाणीचा हिशेब मांडला तो फिर्यादीच्या नावावर. पोलीस कोणासाठी मारतो? वर्तमानपत्रे ओरडत असतात, मंत्री चोवीस तासांची मुदत देत असतात, चौकात मेणबत्त्या पेटलेल्या असतात. फिर्यादी आपणच असतो. आपल्या पाठीचा प्रश्न मात्र कधी येत नाही.

हजरत उमर (र.) यांचे म्हणणेही इमाम अबू युसुफ यांनी "किताबुल खराज"मध्ये नोंदले आहे : माणसाला उपाशी ठेवले, घाबरवले किंवा कोंडले, तर तो स्वतःविषयी जे कबूल करील त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि हजरत हिशाम बिन हकीम (र.) यांना शाममध्ये करवसुलीसाठी उन्हात उभे केलेले शेतकरी दिसले, तेव्हा लोकांना दुनियेत यातना देणाऱ्यांना अल्लाह यातना देईल या प्रेषितांच्या (स.) वचनाची त्यांनी तिथेच आठवण दिली. सातव्या शतकातला शाम आणि एकोणिसाव्या शतकातला मद्रास, ऊन तेच आणि उभा केलेला माणूसही तोच.

पण परंपरेची उजळ बाजूच सांगून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुढच्या काळात इब्न तैमिया आणि इब्न कय्यिम यांनी आरोपींचे तीन वर्ग केले : नेक म्हणून माहीत असलेला, अपरिचित, आणि बदनाम. बदनाम माणसाला मारून विचारायला त्यांनी वाट ठेवली. वरवर हे व्यवहारी वाटते. पण बदनामीची वही लिहितो कोण? इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमातीच त्या वहीत टाकल्या. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी वही अजून उघडी आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळ २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, माणसे मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा पाठपुरावाच झाला नव्हता. ही माणसे मुसलमान नव्हती. आपल्याकडे अन्यायाची यादी करताना या सहांचे नाव निघत नाही, आणि ते निघायला हवे.

आता आपल्या दारातल्या गोष्टी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर दोन महिन्यांत, ८ सप्टेंबरला, शबे-बरातच्या शुक्रवारी मालेगावात बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात स्फोट होऊन तीसहून अधिक लोक मेले. दोन्हीकडे एटीएसने मुसलमान तरुण पकडले, दोन्हीकडे मोक्का लावला, दोन्हीकडे कबुलीजबाब आले. मालेगावच्या नऊ जणांना नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन मंजूर झाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी आरोपमुक्ती मिळाली. नवांपैकी एकजण तो निकाल ऐकायला उरला नव्हता. मुंबईच्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली, एक शिक्षक नऊ वर्षांनी सुटला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातला एक २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने मरण पावला होता. न्यायालयाने कबुलीजबाब फेकून दिले. वेगवेगळ्या माणसांचे म्हणून दाखवलेले जबाब जागोजागी शब्दाला शब्द सारखे होते, आणि रुग्णालयांच्या कागदांवरून छळाचा संशय बळावत होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

इथे मोक्काच्या त्या कलमाकडे वळतो. अशा जबाबात माणूस स्वतःचेच नाव घेत नाही, शेजाऱ्याचेही घेतो, कधी नात्यातल्याचे. नाव घेतलेला आत जातो. वर्षे गेल्यावर दोघेही सुटतात आणि एकाच मोहल्ल्यात राहायला येतात. मशिदीत एकाच सफमध्ये उभे राहतात. ज्याचे नाव घेतले गेले त्याने काय करायचे? आणि ज्याच्या तोंडून नाव गेले त्याने?

हजरत अम्मार बिन यासिर (र.) यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. आई सुमैया गुलाम, बाप परदेशातून मक्केत आलेला, दोघेही यातनांत मेले. अम्मार यांच्या तोंडून छळ करणाऱ्यांनी हवे ते वदवून घेतले. ते रडत आले. प्रेषितांनी (स.) दिल कसे आहे एवढेच विचारले, आणि त्यांनी पुन्हा छळले तर तूही पुन्हा तसेच म्हण, असे सांगितले. कुरआनच्या सोळाव्या सूरेतली जबरदस्ती झालेल्याला दिलेली सूट या प्रसंगाशी जोडली जाते. पण अम्मार यांच्या शब्दाने दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले नव्हते. फिकहचे जाणकार म्हणतील की स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्या निरपराधाचा जीव घेण्याची सूट जबरदस्तीतही नाही. मग नाव सांगणाऱ्याला अम्मार यांचा आधार कसा मिळणार? आक्षेप खरा आहे, तो टाळता येत नाही.

हनफी इमामांनी यावर बारीक विचार केला आहे. जिवाच्या धाकाने एकाकडून दुसऱ्याचा खून करवला, तर किसास कोणावर? इमाम जुफर म्हणाले, ज्याच्या हातून झाला त्याच्यावर. इमाम अबू युसुफ म्हणाले, किसास कोणावरच नाही. इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद म्हणाले, धाक घालणाऱ्यावर, कारण दुसरा त्याच्या हातातले हत्यार झाला होता. गुनाह मात्र करणाऱ्यालाही चुकत नाही, असेही ते सांगतात. मला या मतभेदात माणसाची बूज दिसते. तुटलेल्या माणसाला त्यांनी पूर्ण निर्दोष म्हटले नाही, पण त्याच्या आडून खऱ्या कर्त्याला निसटूही दिले नाही.

आपल्या प्रश्नात तर आणखी एक फरक आहे. इथे शब्दही त्या माणसाचा नसतो. बारा जणांचे वाक्य एकच असेल तर ते बारा जणांना सुचलेले नाही. मजकूर दुसऱ्याचा, त्यांची फक्त सही. ज्याला आपण मोहल्ल्यात "त्याने नाव सांगितले" म्हणतो, त्याने बहुधा नाव सांगितलेच नाही, त्याच्याकडून वाचून घेतले. त्याला सलाम न करणे हे छळ करणाऱ्याचे उरलेले काम आपण पुरे करणे आहे. तरी ज्याची वर्षे गेली त्याने माफ केलेच पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेर राहिलेल्याला नाही.

आणि कसोटी आपलीही आहे. डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंदांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली. मालेगावच्या नऊ जणांच्या सुटकेची वाट त्यातून मोकळी झाली, आणि आपल्या उर्दू-मराठी पत्रांनी ती डोक्यावर घेतली. पुढे त्यांनीही जबरदस्तीने घेतली म्हणून ती मागे घेतली, आणि २०१७ ते २०१९ या काळात अजमेर, मक्का मशीद व समझोता या तिन्ही खटल्यांत ते सुटले. मालेगावच्या २००८ च्या स्फोटातल्या आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांनीही एटीएसने छळ केल्याची तक्रार केली होती. ३१ जुलै २०२५ रोजी त्या आणि अन्य सहा जण निर्दोष सुटले. मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली आणि पोलिसांसमोरची कबुली यांत कायद्याने फरक आहे, तो मी मानतो. पण छळाची तक्रार आपल्या माणसाची असली की खरी आणि समोरच्याची असली की बनाव, असे मनात येते तेव्हा नुमान यांच्यापुढे रागावून आलेल्या फिर्यादींत आपण जाऊन बसलेलो असतो.

त्या लोकलमध्ये ज्यांची माणसे गेली, ते हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. विरारच्या गाडीला लटकून रोज कामावर जाणारी माणसे. त्यांच्या घरच्यांना २००६ मध्ये सांगण्यात आले की गुन्हेगार सापडले, त्यांनी कबूलही केले. १९ वर्षे त्यांनी ते खरे मानले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते उत्तर पुसले, आणि दुसरे उत्तर त्यांना कोणी दिलेले नाही.