अम्माऊसच्या वाटेवरचे आपले तरुण



आजच्या शुभवर्तमानात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघाले आहेत. वाट सुमारे ११ किलोमीटरची, आणि दिशा चुकीची. प्रभू त्यांना गाठतो, पण "मागे फिरा" असे म्हणत नाही. त्यांच्याच दिशेने चालू लागतो. त्यांचे दुःख आधी ऐकून घेतो. कानउघाडणी करतो, पण ती नंतर.

हा उतारा आम्ही युवक मंडळाला अनेकदा समजावून सांगितला आहे. गेल्या मे महिन्यात तो आम्हालाच समजून घ्यावा लागला.

बारावी किंवा आयटीआय झाले की आपली मुले मुंबई-पुण्याला जातात, कोणी आखातात, कोणी बोटीवर. मंडळाच्या हजेरीवहीत अशा नावावर आम्ही लाल रेघ मारायचो आणि पुढे लिहायचो, 'गेला'. मुंबईहून सुट्टीवर आलेला एक मुलगा मिस्सानंतर ती वही चाळत होता. स्वतःच्या नावावरची रेघ पाहून त्याने विचारले, "फादर, मी रत्नागिरीतून गेलो की मंडळातून?" आम्ही हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागली नाही. अंतराने मैत्री तुटत नाही, तिचा व्यवहार थांबतो, आणि तो फार काळ थांबला तर विसर पडतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. सेमिनरीत आम्ही ते पाठ केले होते. परीक्षेत गुणही मिळाले होते!

आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. युवा मेळावा सावंतवाडीला ठेवला तर आपल्या मुलांना जवळजवळ २०० किलोमीटर जावे लागते, कोल्हापूरच्या मुलांना घाट उतरावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याची तोड, जूनमध्ये पाऊस आणि कॉलेजचे प्रवेश. गीते कोंकणी की मराठी, हा वाद वेगळाच. तरीही मेळावे होतात, चांगले होतात. मग 'किती आले' ते आपण मोजतो. गेलेल्यांची मोजदाद कोणी करत नाही.

बेल्जियमचे जोसेफ कार्डाईन सेमिनरीतून सुट्टीला घरी आले, तेव्हा कारखान्यात लागलेले त्यांचे शाळासोबती त्यांना परके मानू लागले होते. ती सल त्यांनी जपली. पुढे १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी राहिली, ती मुले जिथे कामाला होती तिथेच. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ च्या 'क्रिस्तुस विवित' या पत्रात तरुणांच्या सोबतीविषयी सांगताना अम्माऊसचाच प्रसंग घेतला आहे.

आता चाकरमानी गावी येऊ लागतील. आम्ही नवी वही केली आहे. तिच्यात नाव, कामाचे ठिकाण आणि तिथले जवळचे चर्च असे रकाने आहेत. त्या त्या धर्मग्रामाच्या फादरांना आम्ही स्वतः पत्र लिहू. आईवडिलांनो, बाहेर असलेल्या मुलामुलींचे नंबर मिस्सानंतर द्या. इथे असलेल्या प्रत्येक तरुणाने दर रविवारी बाहेरच्या एकाला फोन करावा, एवढेच काम सध्या मंडळाकडे दिले आहे. 'चर्चला गेलास का?' हा प्रश्न मात्र पहिला नको.

त्या मुलाचे नाव पहिल्या पानावर आहे. रविवारी त्याला सुट्टी नसते. चर्चचा रकाना अजून कोरा आहे.