याची टोपी त्याच्या डोक्यावर

मराठी भाषेचा टोपीवर कसला राग आहे, कोण जाणे! कुणी फसला की त्याला ‘टोपी घातली’ म्हणायचे. आणि एकाकडून उसने घेऊन दुसऱ्याचे देणे भागवणाऱ्या गृहस्थाविषयी ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’ एवढे म्हटले की त्याच्या चारित्र्याबद्दल अधिक काही सांगावे लागत नाही. कर्ज काढून कर्ज फेडण्याचा प्रश्न आपल्या लोकांनी असा एका वाक्यात निकालात काढला आहे. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करणाऱ्या समाजाने त्या निकालाचीही एकदा फेरतपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हा प्रश्न आज पुष्कळ घरांत मुकाट्याने बसलेला आहे. ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणी ऐकलेले असते. पण पूर्वी ऋण काढायचे तर सावकाराच्या ओटीवर जाऊन, मान खाली घालून बसावे लागे. आता क्रेडिट कार्ड खिशातच असते आणि मान खाली घालण्याचा प्रसंग महिन्याभराने येतो. वेळच्या वेळी पुरे पैसे भरणाऱ्याला कार्डाचा काही जाच नाही. जो थोडे भरून बाकी पुढे ढकलतो, त्याचे काय होते ते मात्र पाहण्यासारखे आहे.

समजा, कार्डावर १ लाख रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. म्हणजे महिन्याला ३,५०० रुपये व्याज. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. एकूण ४,१३० रुपये. गृहस्थाने पोटाला चिमटा घेऊन दरमहा ५,००० भरले, तर पहिल्या महिन्यात मुद्दल फिटते अवघे ८७०! नवी खरेदी बंद ठेवून याच गतीने गेल्यास सुटकेला त्रेचाळीस-चव्वेचाळीस महिने लागतात आणि सुमारे २ लाख १६ हजार मोजावे लागतात. याच गृहस्थाने एखाद्या बँकेकडून किंवा पतपेढीकडून वर्षाला १५ टक्क्यांनी कर्ज काढून कार्डाचे देणे एकदम फेडले आणि तेच ५,००० दरमहा भरले, तर तेवीस-चोवीस महिन्यांत, सुमारे १ लाख १६ हजारांत तो मोकळा होतो. कर्ज देण्याघेण्याचा किरकोळ खर्च सोडला, तर फरक जवळजवळ एक लाखाचा. म्हणजे मूळ मुदलाइतका!

गणित इतके स्वच्छ असताना माणसे कचरतात का? गणित येत नाही म्हणून नव्हे. ‘आता आणखी एक कर्ज? छे!’ असे त्यांचे मनच म्हणते. नव्या ऋणपत्रावर सही न करण्यात त्यांना एक प्रकारची शुचिता वाटते. तिच्याविषयी मला आदर आहे; पण ही शुचिता कोणाच्या खर्चाने पाळली जाते, हे विचारायला हवे.

येथे मला खुलताबाद आठवते. वेरूळच्या लेण्यांपासून जवळच असलेल्या या गावात सुलतान-सरदार, सूफी आणि वजीर शेजारी शेजारी निजले आहेत. मलिक अंबर तेथे आहे, पहिला निजाम तेथे आहे. आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मरण पावलेला औरंगजेबही झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात एका साध्या, उघड्या कबरीत आहे. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या मृत्युपत्रात असे सांगितले आहे, की आपण टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतले ४ रुपये २ आणे शिल्लक आहेत, त्यांतून कफनाचा खर्च करावा. आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटून टाकावेत. येथे टोपी फसवणुकीची खूण नाही, स्वकष्टाच्या पैशाची आहे.

कथा हृदयंगम आहे. पण त्याच वेळी दख्खनच्या न संपणाऱ्या मोहिमेत बादशाही सैन्याचे पगार वर्षानुवर्षे थकलेले होते, हेही इतिहासच सांगतो. कफनाचा हिशेब चोख आणि शिपायाचा थकलेला! लहान हिशेबाच्या पावित्र्यात मन रमले की मोठा हिशेब दृष्टीआड होतो, हा केवळ बादशहांचा दोष नव्हे. ‘मी दुसऱ्यापुढे हात पसरणार नाही,’ असे अभिमानाने म्हणणारा आणि दरमहा ४,१३० रुपये व्याजात घालवून मुलांच्या शिक्षणाला कात्री लावणारा घरधनी तेच करतो. त्याची टोपी स्वच्छ राहते. पगार घरच्यांचा थकतो.

मग म्हण चूक का? तसेही नाही. ती ज्या अनुभवातून आली, तो फार कडवट आहे. १८५९ साली इंग्रज सरकारने कर्जखतांची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू असा, की व्याज साचत जाऊ नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार जुन्या खताचे नवे खत करून घेऊ लागला आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले. कुणब्याचे जुने कर्ज कागदावर ‘फिटत’ होते आणि प्रत्येक वेळी फुगत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोक उठले; मग दंगा गावोगाव पसरला. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या वह्या आणि खते यांवर होता. ती जाळण्यात आली. नव्या कर्जाने जुने फेडणे हा गळफास कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात नाही.

पण त्याच महाराष्ट्राने दुसरेही उदाहरण पाहिले आहे. पुढे सहकारी चळवळीत भूतारण बँका निघाल्या, तेव्हा त्यांच्या प्रमुख कामांपैकी एक होते शेतकऱ्याला लांब मुदतीचे, हलक्या व्याजाचे कर्ज देऊन सावकाराचे जुने देणे फेडायला लावणे! १८७५ मध्ये जी कृती फास होती, तीच येथे सुटकेची दोरी झाली. दोरी तीच, गाठ कोण मारतो आणि कशी मारतो, यावर सारे अवलंबून. या बँकाही पुढे थकबाकीखाली दबल्या, हे विसरून चालणार नाही. दोरी धरून वर येण्याचे श्रम ज्याचे त्यालाच करावे लागतात.

यावरून नीतीचा जो निर्णय निघतो, तो मला असा दिसतो. कर्ज काढून कर्ज फेडणे हे स्वतः पापही नाही, पुण्यही नाही. नव्या धनकोला खरी स्थिती सांगितली असेल, एकंदर भार खरोखर हलका होत असेल, आणि जुनी वाट बंद केली असेल, तर ते प्रामाणिकपणाचेच कृत्य आहे. कारण वचन पाळण्याची शक्यता त्याने वाढते. यांतले एक जरी सुटले, तरी म्हण खरी ठरते. तिसरी अट सर्वांत अवघड. कार्डाचे देणे शून्यावर आले की मनुष्याला आपण श्रीमंत झालो असे वाटू लागते. आणि सहा महिन्यांत कर्जाचा हप्ता आणि कार्डाची बाकी अशा दोन टोप्या एकाच डोक्यावर येतात.

तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ती त्यांना येणे असलेली खते होती. खत बुडवण्याचा अधिकार धनकोचा. ऋणकोच्या वाट्याला फेडणेच येते. पण कशाने फेडावे, किती दिवसांत फेडावे आणि त्यासाठी घरातल्या कोणाच्या तोंडचा घास काढावा, हे ठरवताना अभिमानाला पाटावर बसवू नये. यंदा वहीपूजनाला कुंकवाचे बोट टेकवण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ती वही एकदा उघडून वाचावी. लक्ष्मी रुसेल ही भीती नको. लपवलेल्या आकड्यांपेक्षा उघड्या आकड्यांच्या घरात तिला अधिक बरे वाटत असावे.