वहीतला लेख आणि फोनमधलं ॲप

वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. कुशावर्त कुंडावरून परत आल्यावर गुरुजींनी विचारलं, ‘‘मूळ गाव कोणतं? आडनाव?’’ सांगितलं. ते आत जाऊन लाल कापडात बांधलेलं, यात्रेकरूंच्या नोंदवह्यांचं म्हणजे नामावळीचं बासन घेऊन आले, गाठ सोडली, पानं उलटली आणि पाच मिनिटांत माझ्या आजोबांची सही समोर ठेवली. साल १९६८. शाई तपकिरी पडली होती, पण ओळ न ओळ वाचता येत होती: बरोबर कोण आलं होतं, मुलं किती, त्यांची नावं काय.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, डेटाबेस हे माझं रोजचं काम. आधी गाव, मग आडनाव, मग घराणं, ही त्या नामावळीची मांडणी कुणाही अनुभवी माणसाला पटेल अशी आहे. वही गुरुजींच्या घरची, पण लेख आमच्या हातचा. तो वाचायला डोळे पुरतात.

वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी मी एका ॲपमध्ये ठेवल्या होत्या. दिसायला सुरेख, आलेख रंगीत. कंपनीने ते ॲप बंद केलं आणि नोंदी गेल्या. त्या काढून घेण्याची सोय त्यात नव्हतीच, आणि मी, या धंद्यातला माणूस, ते आधी पाहिलं नव्हतं. याची मला आजही टोचणी आहे.

त्यामुळे आता कुणी ‘कोणतं ॲप चांगलं?’ असं विचारलं की मी रंगरूपाबद्दल बोलत नाही. आपलं लिखाण त्यातून साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतं का, एवढंच आधी विचारतो. टिपणांसाठी मी साधी टेक्स्ट फाइल वापरतो, खर्चासाठी स्प्रेडशीट. व्हॉट्सॲपवरचं घरचं बोलणंही एक्स्पोर्ट करता येतं, ते मी अधूनमधून काढून ठेवतो.

मराठी माणसाला हा धडा नवा नाही. श्रीलिपी आणि तिच्यासारख्या फॉन्टांनी आपली छपाई संगणकावर आणली, ते ऋण मोठं आहे. पण त्या काळातली फाइल आज फॉन्टशिवाय उघडली की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरं येतात. मजकूर मराठी, पण तो एका फॉन्टच्या खुंटीला बांधलेला. कुठल्याही एका फॉन्टवर न अडणारं युनिकोड रुळल्यावर ती खुंटी सुटली.

वहीतही उणिवा आहेत. आजोबांच्या लेखात काकांची नावं आहेत, आत्यांची नाहीत. पणजोबांचा लेख मोडी लिपीत आहे. मला तो वाचता येईना, गुरुजींनी वाचून दाखवला. ओल, आग, वाळवी यांची भीती आहेच. तरी मोडी कुणालाही शिकता येते, त्यासाठी कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झालं, ज्यावर आपल्याकडच्या एका पिढीने आपल्या मैत्रीच्या नोंदी ठेवल्या होत्या. शाळेतून केव्हाच गेलेली लिपी पुढच्या काळात पोचली आणि तरुणांचा तो कट्टा दहा वर्षांत मिटला. माझ्या लेखी यात नशिबाचा भाग नाही. मोडीची अक्षरं सगळ्यांची होती, कट्ट्याची जागा मात्र एकाची.

त्याच त्र्यंबकेश्वरला २०२७ च्या सिंहस्थ मेळ्यासाठी गर्दीची, वाहनतळांची, हरवलेल्या माणसांची ॲप्स येतील, ती यायलाच हवीत. ती बांधणाऱ्यांना एकच विनंती आहे: मेळा उठल्यावर ज्याची नोंद त्याला परत नेता येईल, अशी वाट त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि वाचकहो, रोज वापरता ते ॲप आज रात्री उघडा, सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा. ते सापडलं नाही, तर आईवडिलांच्या नोंदी त्यात ठेवू नका.