साकव बांधताना मनात ठेवलेली अट



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे आपलं कर्तव्य आहे म्हणून, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेडीची आशा न ठेवता दिलं, तर ते सात्त्विक. काही परत मिळावं म्हणून किंवा मनात कुढत दिलं, तर राजस. अवेळी, अपात्री किंवा समोरच्याला कमी लेखून दिलं, तर तामस. वाचायला सोपं आहे. माझी परीक्षा मात्र हर्णेला एका साकवावर झाली.

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. साकव म्हणजे पऱ्यावरचा, पावसाळी ओढ्यावरचा छोटा पूल. दोन्ही काठांवर जांभ्याचे चिरे रचायचे, त्यावर माडाचे किंवा पोफळीचे ओंडके आडवे टाकून बांधायचे आणि धरायला बांबू लावायचा. सार्वजनिक वाटेवर सिमेंटचे साकव सरकारी निधीतून होतात. पण पलीकडे एकच घर असेल, तर तो साकव त्या घराचा खासगी. वाहून गेला, तर ज्याचा त्याने बांधायचा.

जुलै 2021. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे मी आजीकडे हर्णेला होतो. एका रात्रीच्या पावसात आमच्या शेजारचा साकव पऱ्याने नेला. पलीकडे काका आणि काकी, दोघंच. नुकसान बघायला आलेल्या माणसांनी घर उभं आहे ना, ते पाहिलं आणि ते पुढे गेले. त्यांचंही चुकलं नाही. घर खरंच उभं होतं, फक्त तिथून बाहेर पडता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात, 22 जुलैला, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. महाडजवळ तळियेत दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. आमच्या ग्रुपवर मदत गोळा होत होती, मीही पैसे पाठवले. अशा वेळी दोन म्हाताऱ्या माणसांच्या साकवाचं काय घेऊन बसायचं, असं मला वाटलं. पण नीट विचार केला, तर चिपळूणला पैसे, धान्य, कपडे हवे होते. आमच्या खोपीत पडलेले माडाचे ओंडके तिकडे कुणाच्या कामाचे नव्हते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमचे माड पडले, त्यांचेच ते. मासेमारी बंदीमुळे बंदरावरची चार पोरंही मोकळी होती. मोठं दुःख दूर आहे म्हणून दाराजवळचं लहान होत नाही. देश आणि काल पाहा, याचा अर्थ मला तेव्हा थोडा कळला.

पात्र मात्र अडलं. याच काकांनी काही वर्षांपूर्वी गडगा घालून आमची विहिरीकडची वाट बंद केली होती. आजी तेव्हापासून लांबून फेरा घालून पाणी आणते. मी आजीला म्हटलं, "साकव बांधून देऊ. पण आधी वाट सोडायला सांगू."

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या काकीच्या गुडघ्यांवर वाट मागतोस होय रे?"

मला राग आला. वाट आमची होती, मग मागितली तर काय चुकलं? आजही मला वाटतं की हक्क सोडणं म्हणजे भक्ती नव्हे. अन्यायाबद्दल गप्प बसा, असं हे श्लोक कुठेच सांगत नाहीत. पण पलीकडे अडकलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय नसते. त्या वेळी मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. हक्क मागायचा, तर समोरच्याला नकार देता येईल अशा वेळी मागावा. दान वेगळं, दावा वेगळा. दोन्ही एका गाठोड्यात बांधले की दोन्ही नासतात.

आम्ही अट घातली नाही. दोन दिवसांत ओंडके टाकले, बंदरावरच्या पोरांनी जाळ्याच्या जुन्या दोरीने असे आवळले की हलेनात. मी मोबाईल काढून, काका हात धरून पलीकडून येतायत, तो व्हिडिओ स्टोरीसाठी घेतला. काकांनी तोंड फिरवलं. तामस दानात अपमान का मोजलाय, ते तेवढ्यात समजलं. व्हिडिओ डिलीट केला. मग काका आपल्या बेटातले बांबू तोडून घेऊन आले आणि कठडा त्यांनी स्वतः बांधला. त्यानंतर ते आमच्याशी मान वर करून बोलले. 10 सप्टेंबरला त्यांचा गणपती त्याच साकवावरून घरी गेला.

इथे गोष्ट गोड संपायला हवी होती. दिवाळीनंतर मी आमच्या पडवीत बसून काकांकडे वाटेचा विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले आणि म्हणाले, "ते जमायचं नाही." गडगा अजून तिथेच आहे.

त्या रात्री माझ्या मनात आलं, उगाच बांधला साकव! आणि मग चपापलो. म्हणजे अट होतीच. तोंडाने घातली नव्हती, पोटात ठेवली होती. ओंडके सात्त्विक असतील, मी राजसच होतो.

मग त्या देण्याला काही अर्थ नाही का? मला वाटतं, आहे. काकी अजूनही त्या साकवावरून दवाखान्यात जाते, तिला माझ्या मनातल्या हिशोबाशी काय करायचंय? मन शुद्ध होईपर्यंत थांबलो असतो, तर ती पलीकडेच राहिली असती. आधी हात द्यावा, मन मागून सावकाश धुवावं.

लाकडी साकव दर मे महिन्यात पुन्हा आवळावा लागतो. मी जातो. दरवेळी गडग्याकडे नजर जाते, आणि दरवेळी हे तीन श्लोक मनात म्हणतो.

आज तुम्ही कुणाला काही देणार असाल, तर जरूर द्या. रात्री झोपताना फक्त एवढं बघा: त्याच्याकडून आपण काय यायची वाट बघतोय? जे सापडेल, ते भगवंताच्या पायाशी ठेवा.

राम कृष्ण हरी.